तालुक्याच्या गावातलं समूहगायन: मागं बसून ध्रुपद धरणाऱ्यांचा इतिहास कोणाजवळ हाय का?

पांढरी_चार:
नमस्कार राजेहो. आमच्या तालुक्याच्या गावात एक स्मरणिका निघून राहिली अन् त्यात 'गावातली गाण्याची परंपरा' हा लेख माझ्या गळ्यात पडला, कारण काय तर हा पेटी वाजवते. जुनी कात्रणं, पत्रिका, स्पर्धेची प्रमाणपत्रं गोळा केली. सगळीकडं बुवांचं नाव, पेटीमास्तरचं नाव, तबलजीचं नाव, उद्घाटक-पाहुण्यांची तर अख्खी यादी, अन् मागं बसून ध्रुपद (म्हणजे भजनाची परत परत येणारी ओळ) धरणारे जे दहा-बारा जण असतात त्यांच्या वाट्याला फक्त 'आणि संच'. माझं म्हणणं असं हाय का आपल्या इकडच्या गाण्याचा इतिहास लिहायचा तर ह्या 'आणि संच'वाल्यांपासून सुरू कराव लागते, कारण बुवा चांगला नसला तरी भजन उभं राहते, मागचे ढिल्ले पडले का मात्र भजन बसलंच समजा.

काकडा, हरिपाठ, सप्ताह हे आपल्याकडं आधीपासून होतंच. पण तिथं टाळकऱ्याला पाठांतर पायजे, चाली माहीत पायजे, पावली जमली पायजे. दिवसभर डवरणी करून संध्याकाळी घरी आलेल्या माणसाला एवढं सारं कुठून जमन? तुकडोजी महाराजांनी इथंच गंमत केली. यावलीचा जन्म १९०९ चा, वरखेडचे आडकोजी महाराज गुरू, १९३५ ले मोझरीला गुरुकुंज, हे आपण शाळेतच ऐकलेलं हाय, त्यावर मी काही लिहीत नाही. गाणाऱ्याच्या बाजूनं पाहा फक्त. खंजेरी एका हातात मावते, खिशाला परवडते, शिकवायला उस्ताद लागत नाही. भाषा घरातली, नाही तर साधी हिंदी. अन् चाल अशी का ध्रुपद दोनदा ऐकलं का तिसऱ्या वेळी आपोआप तोंडून निघते. पुढं बुवा अंतरा एकटा म्हणते, त्याच्या शेवटच्या ओळीवर मागचे त्याला उचलून घेतात, लय चढत जाते, अन् खंजेरीची थाप समेवर अशी काडकन थांबते का ऐकणाराही नकळत मान टाकते. ज्याला गाता येत नाही थो सुद्धा ह्यात गाणारा होऊन जाते.

म्हून मी म्हणतो का आपल्या भागात अख्खं गाव मागच्या रांगेत बसवलं ते महाराजांनी. तुमच्या गावात काय झालं, कोण गात होते, कुठं बसत, कोणाची पेटी, कोणत्या पट्टीत, जे आठवन ते टाका. बुवांची नावं नको, ती माह्याजवळ भरपूर हायेत.

ठेचा_भाकर:
आमच्याइथं मागचे दहा असतात अन् दहाही वेगवेगळ्या सुरात असतात. इतिहास लिहाच तुम्ही, पण सुरांचा नका लिहू 😄

चिमूर_रोड:
चांगला धागा काढला भाऊ. आमच्या बाजूला समूहगायन म्हटलं का गोष्ट थेट बेचाळीसवर जाते. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस, चिमूरले प्रभातफेरी निघाली अन् पुढं गोळीबार, जाळपोळ, सगळं झालं, त्याच दिवशी तिकडं वर्धा जिल्ह्यात आष्टीलेही तेच. त्या दिवसांत महाराजांची भजनं ह्या भागात लोकांच्या तोंडी होती, अन् आमचा आबाजी सांगे का फेरीत भाषण कोणाले ऐकूच आलं नाही, भजन मात्र शेवटच्या माणसापर्यंत पोचलं. लाउडस्पीकर कुठं होता तेव्हा. पुढं बसलेला ओळ टाके, मधला उचले, मागचा मागं देये, अशी ती ओळ गावभर फिरे. सरकारलेही हे कळलं असंन, कारण त्याच महिन्याच्या शेवटी महाराजांले चांद्याला (आताचं चंद्रपूर) अटक झाली, नागपूर अन् रायपूरच्या जेलात ठेवलं, डिसेंबरमधे सोडलं. खंजेरी वाजवणाऱ्या माणसाले जेलात टाकाव लागलं म्हणजे पाहा तिचा आवाज किती लांब जात होता.

अन् मागच्या लोकांचं म्हणाल तर चिमूरच्या खटल्यात जे पकडले गेले त्यातले कितीतरी असेच 'आणि संच'वाले. त्यांची नावं कोर्टाच्या कागदावर हायेत, पत्रिकेवर नाहीत.

पांढरी_चार:
@चिमूर_रोड, ओळ टाके अन् मागं देये, हेच पायजे होतं मला. हे लेखात घेतो. १९५५ ले महाराज जपानले विश्वधर्म परिषदेत गेले अन् तिथंही खंजेरीवर भजन म्हटलं, ते सगळे लिहितात. गावात मागं देणाऱ्याचं कोणी लिहीत नाही.

सातपुडा_गल्ली:
मी परतवाड्याकडचा, आमचं घर ख्रिस्ती. तुमच्या चर्चेत आमचाही एक कोपरा जोडा, कारण चार आवाजातलं कोरस म्हणतात ते आपल्या भागात बहुतेक लोकांनी पहिल्यांदा मिशनच्या चर्चमधेच ऐकलं असंल. सोप्रानो, अल्टो (बायांचा वरचा अन् खालचा आवाज), टेनर, बास (माणसांचा वरचा अन् खालचा), अशी बाकांवर बसायची जागासुद्धा ठरलेली. गंमत म्हणजे नोटेशन वाचता येणारे आमच्याकडं नेहमी एक-दोनच असत, बाकी सगळं कानानं. अल्टोचा आवाज तर शिकवायचा म्हणजे एका मावशीच्या शेजारी नवी पोरगी बसवायची, बस. मावशी आपली ओळ म्हणते, पोरगी तिच्या खांद्याला खांदा लावून तीच पकडते, वरची चाल कानावर पडू द्यायची नाही. पडली का पोरगी घसरलीच वरच्या सुरात. मावशी मग कोपरानं ढोसत असे.

पण खरं सांगू का, आमच्या लोकांचा गळा मोकळा होतो तो रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या गीतांवर. टिळक कोकणातले, पण काही काळ नागपुरात होते, १८९५ ला ख्रिस्ती झाले, १९१९ ला गेले. त्यांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगात अन् ओवीत आणली, ती 'उपासना संगीत'मधून मराठी चर्चांमधे आजही चालतात. इंग्रजी हिम्नचं भाषांतर आलं का सगळे पुस्तकात डोकं घालून उभे, टिळकांचं आलं का पुस्तक बंद, टाळ बाहेर. आमच्याकडं तबला-पेटीसोबत टाळ वाजतो हे ऐकून नागपूरचे पाहुणे बघत राहतात.

यवतमाळला १९५३ पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, ती १९८३ ला पुण्याला गेली. ती असेपर्यंत ठिकठिकाणचे विद्यार्थी, ज्याची त्याची भाषा अन् चाल. माझे काका तिथं ख्रिसमसचं गायन ऐकायला जायचे, अन् येऊन आठवडाभर टेनर म्हणत फिरायचे, घरच्यांना वैताग.

ठेचा_भाकर:
चार सूर तर आमचेही निघतात दादा, फक्त ठरवून नाही 😄

सातपुडा_गल्ली:
@ठेचा_भाकर 😂 हो पण आमचेही काही स्वर्गातून आलेले नाहीत, ईस्टरला बास कधी कधी एकच माणूस असतो अन् त्याला त्याच दिवशी सर्दी होते.

कोजागिरीची_खिरापत:
पूर्ण धागा वाचला. अजूनपर्यंत सगळे पुरुषच बोलले, म्हणून लिहिते. तुम्ही म्हणता अख्खं गाव गायला बसवलं ते महाराजांनी. मला पटलं नाही पूर्ण. पोरी आधीपासून गातच होत्या हो. भुलाबाई विसरले का सगळे? भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई-भुलोजी बसवायचे अन् कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी घरोघर गाणी, एक घर झालं का दुसरं. तिथं बुवाच नाही, पेटी नाही, पुढची-मागची रांग नाही. एक पोरगी सुरू करते, सगळ्या धरतात, ज्या पोरीला अजून नीट बोलता येत नाही ती सुद्धा शेवटचा शब्द मोठ्यानं म्हणते. गाणी झाली का डबा हलवून खिरापत ओळखायची. 'आणि संच' नव्हताच तिथं, संचच होता फक्त. पण त्याला कोणी संगीत म्हणत नाही, पोरींचा खेळ म्हणतात. प्रमाणपत्रही नाही, पत्रिकाही नाही, म्हणून तुमच्या कात्रणांत ते सापडणार नाही.

महाराजांचं मोठेपण कमी करत नाही मी. बायांना रात्री घराबाहेर, देवळाबाहेर, चार लोकांत बसून गायला मोकळीक मिळाली ती महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेमुळंच, हे माझी सासू स्वतः सांगते. भुलाबाई लग्नानंतर सुटायची, गाणंही सुटायचं. प्रार्थनेत ते परत आलं. सासूबाईंचं महिला मंडळ तिथूनच निघालं.

पांढरी_चार:
ताई, मानलं. भुलाबाई लेखात पहिली येते आता, महाराज नंतर. एक विचारायचं होतं, तुमच्या सासूबाईंचं मंडळ कोणत्या पट्टीत गाते? अन् पेटीवर बाई हाय का माणूस?

कोजागिरीची_खिरापत:
काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून. पेटीवर आधी एक गुरुजी होते, ते काळी एकच्या खाली-वर जायला तयारच नसत, स्वतःला जमते तीच पट्टी. बाया बिचाऱ्या विहिरीत उतरल्यासारख्या खाली गायच्या. मग सासूबाईंनी स्वतः पेटी शिकली, पन्नाशीत. पहिल्यांदा पट्टी बदलली तेव्हा म्हणे सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या का अगं हा माझाच आवाज आहे का.

पांढरी_चार:
हे पट्टीचं प्रकरण मोठं हाय, थोडं सांगतो, कारण समूहगायनाचा निम्मा इतिहास मले तिथंच दिसते. पुरुष मंडळ साधारण काळी एक, काळी दोन. बायांचं मंडळ काळी चार, काळी पाच. आता सामुदायिक प्रार्थनेत बाया-माणसं, पोट्टे-म्हातारे सगळे एकत्र. काळी एक घेतली तर बायांचा आवाज खाली बसते, ऐकूच येत नाही. काळी चार घेतली तर माणसं वरच्या षड्जाले पोचता पोचता शिरा ताणतात अन् मग एक एक जण गुपचूप ओठ हलवायला लागते. म्हून आमच्याइथं जुन्या पेटीमास्तरानं पांढरी चार धरली. दोघांलेही थोडी अडचण, पण दोघंही गातात. माह्या नावाचं मूळ तेच.

सामुदायिक प्रार्थना ज्यांनी पाहिली नसंल त्यांच्यासाठी: समोर मूर्ती नसते, नुसतं अधिष्ठान. सगळे सरळ रांगांत बसतात, कोणत्या जातीचा कुठं बसला हे रांगेत दिसत नाही. ज्या गावात पाणी भरायच्या विहिरी वेगळ्या होत्या त्या काळात हे चाललं, हे ध्यानात घ्या. ग्रामगीतेचे ४१ अध्याय लोक पारायणाले वाचतात, पण माह्या मते तिच्यातली अर्धी शिकवण ह्या रांगेतच दिसते. अन् तिथं वाहवा घेणारा बुवा नाही, सगळेच मागचे.

सेवाग्रामचीही प्रार्थना अशीच, सकाळ-संध्याकाळ. तिथं म्हणतात त्या आश्रम भजनावलीचं काम आधी साबरमतीच्या आश्रमात पंडित ना. मो. खरे यांनी केलं, ते विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, म्हणजे रागदारीतला पक्का माणूस, अन् काम काय तर सुरात नसलेल्या लोकांले एकत्र गाता येईल अशा चाली सांभाळायच्या. गांधीजी १९३६ ले तिथं आले तेव्हा गावाचं नाव सेगाव होतं, टपाल शेगावले जाऊन पडे म्हून १९४० ले सेवाग्राम केलं. हे अवांतर झालं. महाराजही १९३६ ले तिथं राहून आले होते. कोणी कोणाकडून काय घेतलं ते मोजत बसण्यात मले रस नाही, पण तालुक्याच्या गावातल्या माणसाले दोन्हीकडून एकच गोष्ट भेटली, का गाणं ऐकायची नाही, म्हणायची वस्तू हाय.

विहार_चौक:
जय भीम सर्वांना. एकत्र म्हणण्याचं चाललंच आहे तर १४ ऑक्टोबर १९५६ कसा सुटला? नागपूरला दीक्षेच्या दिवशी बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या अन् लाखो लोकांनी उभं राहून त्या मागोमाग म्हटल्या. गाणं नव्हतं ते, पण ओळ एकानं द्यायची अन् सगळ्यांनी घ्यायची हा प्रकार तोच, अन् तिथं मागून म्हणणाऱ्याचं आयुष्य त्या ओळीनं बदललं. माझे आजोबा पायी गेले होते. त्यांना पाली येत नव्हती, वाचता तर येतच नव्हतं, पण त्रिसरण पंचशील शेवटपर्यंत पाठ, एकही अक्षर इकडचं तिकडं नाही.

आमच्या विहारात आजही संध्याकाळी वंदना होते, पोरं शाळेतून येऊन बसतात. अन् भीमगीतांचं तर विचारू नका, वामनदादा कर्डकांची गाणी ज्याला येत नाहीत असं घर दाखवा. जयंतीला कव्वालीच्या ढंगात दोन पार्ट्यांचा सामना असायचा, त्यात गायक कितीही भारी असो, मागचे टाळ्यावाले कच्चे निघाले का पब्लिक दुसऱ्या पार्टीकडं सरकायची. टाळी म्हणजे नुसती टाळी नाही, ती गायकाला दम देते, त्याचा श्वास संपला का तेवढ्यात मागचे ओळ ताणून धरतात. आमच्या मोहल्ल्यात एक मामा होते, त्यांना लोक फक्त टाळीसाठी बोलवायचे, बाहेरगावाहून गाडी यायची. आयुष्यात एक ओळ एकट्यानं गायले नाहीत.

वडसा_पॅसेंजर:
झाडीपट्टीतून राम राम. तुम्ही वऱ्हाडवाले भजनावरच अडले. आमच्याकडं दिवाळी झाली का मंडई म्हणजे गावची जत्रा, अन् मंडईत दंडार, म्हणजे नाच-गाण्याचा खेळ. तिथं झीलकरी (मागून ओळ धरणारे) नसले तर दंडार होतच नाही, नाचणारेच झील धरतात, म्हणजे दमही त्यांचाच अन् पायही त्यांचेच. गडचिरोलीकडं अजून आत गेलं तर गोंड-माडिया लोकांचं रेला, त्यात गोल धरून एक बाजू म्हणते अन् दुसरी घेते, ऐकणारा म्हणून वेगळा माणूसच नाही. मेळघाटात कोरकूंचा गादली-सुसून नाच आहे. ह्या लोकांना कोणी समूहगायन शिकवलं नाही. हेही लिहा नाही तर पुन्हा तेच, मोझरी ते नागपूर.

पांढरी_चार:
लिहितो ना भाऊ, स्मरणिकेत पानं तीनच हायेत पण लिहितो.

ठेचा_भाकर:
आता मी सिरियस होतो जरासा. सध्या काय चालू आहे त्याचंही बोला. आमच्या गावच्या खंजेरी स्पर्धेत यंदा बुवाला माइक, पेटीला माइक, तबल्याला दोन माइक, खंजेरीला माइक, अन् मागच्या आठ जणांत मिळून एक, तोही साउंडवाल्यानं कमी करून ठेवलेला, कारण म्हणे आवाज फाटते. मग ते आठ जण कायले ओरडतील? हात वर करतात, टाळ्या वाजवतात, बसतात. परीक्षक तिकडं गुण देऊन राहिले सूर, ताल, वेशभूषा. गणवेश मात्र सगळ्यांचा एकदम कडक, इस्त्रीचा.

कोजागिरीची_खिरापत:
अगदी. आणि महिला गटात तर आता एक बाहेरची गाणारी आणतात, पैसे देऊन. मागच्या बाया गावच्या, पुढची पाहुणी. नंबर येतो, पण दुसऱ्या दिवशी मंडळात गाणार कोण?

सातपुडा_गल्ली:
आमच्याकडं कीबोर्डमधे रेडीमेड रिदम आला तेव्हापासून टाळ गेला. पण तरुण पोरं मोबाइलवर चारही आवाज वेगवेगळे रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकतात, प्रत्येकानं आपला ऐकून यायचा. अल्टोच्या मावशीचं काम आता ऑडिओ क्लिप करते. कोपर मात्र नाही त्यात.

विहार_चौक:
माइक वाईट नाही हो. माइक नसता तर आमच्या मोहल्ल्यातलं गाणं बाकी गावानं कधी ऐकलंच नसतं, हेही ध्यानात ठेवा. प्रश्न माइक कोणाच्या हातात आहे ह्याचा आहे.

पांढरी_चार:
@विहार_चौक, बरोबर. अन् गाडगेबाबांचं कीर्तन आठवा, त्यांच्याजवळ तर काहीच नव्हतं. 'गोपाला गोपाला' सुरू झालं का पूर्ण मैदान. १९५६ च्या नोव्हेंबरमधे मुंबईत बांद्र्याला झालेल्या त्यांच्या शेवटच्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग मिळते, ऐका एकदा. बाबा प्रश्न टाकतात अन् लोक उत्तर देतात. ते लोक काढून टाका, कीर्तन उरत नाही. त्या आवाजांपैकी एकाचंही नाव कुठं नाही, पण टेपवर हायेत तरी.

आता कामाचं. बुवा सोडून बाकीच्यांची नावं काढायची तर कुठून काढू? फोटोंच्या मागं कोणी काही लिहिलेलं नाही.

चिमूर_रोड:
मंडळाची वही. प्रत्येक जुन्या मंडळाजवळ एक वही असते, वर्गणीची. पत्रिकेत नाव नसते पण पैसे दिले का वहीत नाव येतेच 😄 आमच्या मंडळाची मी पाहिली हाय. कोणी किती आणे दिले, कोणी ज्वारी दिली, गॅसबत्तीची जाळी, खंजेरीचं चामडं, सतरंजी धुवायचा खर्च, अन् पुढच्या पानावर हजेरी. पाऊस आला म्हून प्रार्थना झाली नाही असंही लिहिलेलं हाय. एका माणसाच्या नावापुढं वर्षभर पैशाच्या जागी 'पाणी भरतो' असं हाय, म्हणजे वर्गणी नाही दिली पण मंडळाले पाणी भरलं.

वडसा_पॅसेंजर:
दंडारीचीही वही असते, फार करून पाटलाच्या किंवा दुकानदाराच्या घरी. मागायला गेले तर आधी चहा घ्या, मग दहा मिनिटं इकडचं तिकडचं, मग वहीचं काढा. सरळ मागितली तर वाटते का जुनी उधारी काढायला आला.

पांढरी_चार:
हे बेस्ट झालं. चिमूर_रोड भाऊ, त्या हजेरीच्या पानांचे फोटो टाका. उजेडात काढा, वही सपाट ठेवून, अन् पानाचा कडेचा भाग कापू नका, आकडे तिथंच असतात. बाकीच्यांनीही आपापल्या गावची वही शोधा. ताई, सासूबाईंच्या मंडळाची असंल तर ती पहिली पाठवा, स्मरणिकेवाले पंधरा तारखेले पानं लावून राहिले.

कोजागिरीची_खिरापत:
वही आहे. पण सासूबाई म्हणतात आधी तुमच्या मंडळाचे पेटीमास्तर पांढरी चारवर कोणती भजनं घेतात त्याची यादी पाठवा, मग वही.